सहसा त्याग : हृद्द्रवाचे एक दुर्लक्षित कारण

“वैद्यराज, सगळ्या इंग्रजी गोळ्या सोडून आलो. आता तुमच्याच हाती.” हे वाक्य ज्या वैद्याने ऐकलेले नाही असा वैद्य महाराष्ट्रात सापडणे कठीण. आम्ही ते वीस वर्षे ऐकत आहोत, आणि प्रांजळपणे सांगायचे तर पहिली काही वर्षे ते ऐकताना आम्हांस बरे वाटत असे. आपल्या शास्त्रावर कोणी एवढी श्रद्धा ठेवतो, याचा तो आनंद होता. त्या आनंदाची किंमत एका रुग्णाने जवळजवळ प्राणांनी मोजली. हे लेखन त्या निमित्ताने आहे.

आमचे चिकित्सालय जांबे येथे आहे. तालुका मुळशी, पण गाव हिंजवडी-मारुंजीच्या शेजारचे. एका अंगास भाताची खाचरे आणि ऊस, दुसऱ्या अंगास वाढत जाणाऱ्या इमारती. त्यामुळे एकाच बाकावर साखर कारखान्यास ऊस घालणारा शेतकरी आणि संगणक कंपनीत रात्रपाळी करणारा तरुण शेजारी शेजारी बसलेले असतात. दोघांची तक्रार पुष्कळदा एकच असते. शेतकरी म्हणतो, “काळीज फडफडतंय.” तरुण मनगटावरचे घड्याळ पुढे करून आकडा दाखवितो. तक्रारीमागची कारणे अनेक असतात. त्यांपैकी एकाचाच येथे विचार करावयाचा आहे, कारण त्या एका कारणाची पृच्छा आपल्या प्रश्नपरीक्षेत फारशी होत नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. भात काढणीचे दिवस होते. गावातील एक शेतकरी, वय साठीच्या आतबाहेर, पत्नीसह आले. चार दिवसांपासून रात्री छातीत धडधड, हातास सूक्ष्म कंप, झोप नाही, भांडे पडले तरी दचकणे, आणि विनाकारण डोळ्यांत पाणी. “ह्यांना कधी असं रडताना पाहिलं नव्हतं,” असे पत्नी म्हणाल्या. आठ वर्षे रक्तदाब व छातीतील दुखण्यासाठी मेटोप्रोलोल चालू होते. रक्तदाब तपासला तो ठीक निघाला, शेजाऱ्याने आयुर्वेदाची महती सांगितली, आणि त्यांनी एका सकाळी गोळी बंद केली. हे सर्व त्यांनी आम्हांस सांगितले होते. आमच्या केसपेपरवर ते आमच्याच अक्षरात लिहिलेले आहे: “आधुनिक औषधे बंद करून आले.” त्याखाली नाडी १०४, गती वातपित्तज. त्याखाली आमचे निदान: वातज हृद्रोग, चित्तोद्वेगाचा अनुबंध.

निदान चुकीचे होते काय? येथेच खरी मेख आहे. अष्टांगहृदयाच्या निदानस्थानात वातज हृद्रोगाची जी लक्षणे सांगितली आहेत ती आठवावीत: अकस्मात दैन्य, शोक, भय, शब्द सहन न होणे, कंप, मोह, श्वासाचा अवरोध, अल्पनिद्रा. समोर बसलेल्या गृहस्थांत यांतील बहुतेक सर्व लक्षणे होती. लक्षणे इतकी चपखल जुळली की हेतू शोधण्याची गरजच आम्हांस भासली नाही. अर्जुन क्षीरपाक, जटामांसीचा फांट, रात्री पादाभ्यंग असा उपक्रम आम्ही योजिला आणि आठवड्याने येण्यास सांगितले. सहाव्या रात्री त्यांच्या छातीत कळ आली. मुलाने रुग्णालयात नेले. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, “कोणती गोळी बंद केली?” गृहस्थ वाचले. तो प्रश्न आम्ही विचारावयास हवा होता. उत्तर तर आमच्याच कागदावर लिहिलेले होते.

आता या घटनेमागील प्रक्रिया पाहू. प्रोप्रानोलोल हे बीटा-अवरोधक औषध सर जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून १९६० च्या दशकात प्रचारात आले. १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल, बायसोप्रोलोल ही त्याच कुळातील पुढची औषधे. ॲड्रेनलिन व तत्सम द्रव्यांचा संदेश हृदयपेशींवरील ज्या बीटा रिसेप्टरांवर पोहोचतो, ती ठिकाणे ही औषधे व्यापून ठेवतात. म्हणून हृदयगती मंदावते, रक्तदाब उतरतो, हाताचा कंप व छातीतील धडधडही शमते. परंतु शरीर स्वस्थ बसत नाही. संदेश पोहोचत नाही असे पाहून पेशी त्या रिसेप्टरांची संख्या वाढवू लागते. गावात नळाला पाणी कमी येऊ लागले की लोक एका तोटीच्या जागी चार तोट्या बसवितात, तसेच हे. पुढे एके दिवशी अचानक पूर्ण दाबाने पाणी सुटले तर चारही तोट्या वाहू लागतात आणि घरभर पाणी होते. गोळी एकाएकी थांबली की हृदयाचे असेच होते. नेहमीचेच ॲड्रेनलिन वाढलेल्या रिसेप्टरांवर आदळते. धडधड, घाम, कंप, भय, अनिद्रा, रक्तदाबाची उसळी, आणि हृदयाच्या रोहिण्यांत अडथळा असलेल्या रुग्णात छातीतील वेदना, प्रसंगी हृदयाघात. हा काळ साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत असतो. प्रोप्रानोलोल एकाएकी थांबविल्यानंतर रुग्णांची हृद्विकाराची स्थिती बिघडल्याचे अनुभव १९७५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले, आणि या औषधांच्या माहितीपत्रकात ‘एकाएकी थांबवू नये’ हा इशारा ठळकपणे छापला जातो. अर्धशतक जुनी गोष्ट आहे ही. आम्ही पदवी घेतली तेव्हाही ती जुनीच होती.

वस्तुतः हा विचार आपल्यास परका नाही, आणि हेच आम्हांस अधिक बोचते. अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्येत ऋतुसंधीचे चौदा दिवस मागील ऋतूची चर्या क्रमाने सोडून पुढील ऋतूची क्रमाने घेण्यास सांगितले आहे, आणि सहसा त्याग व सहसा शीलन यांनी असात्म्यज रोग होतात असे कारणही दिले आहे. चरकाचार्यांनी नवेगान्धारणीय अध्यायात अहितकर सवयदेखील पादांशिक क्रमाने, पाव पाव भागाने, एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवीत सोडण्यास सांगितले. वाग्भटांनी तर पावाचाही पाव चालेल म्हटले आहे. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण यांच्या अतिसेवनाचे दोष सांगताना, ज्यांना ते सात्म्य झाले आहे त्यांनीही ते क्रमानेच सोडणे श्रेयस्कर, असे स्पष्ट मत आहे. क्षार आणि लवण एकदम सोडू नये म्हणणाऱ्या आचार्यांपुढे आठ वर्षे रोज घेतलेली, थेट हृदयावर कार्य करणारी गोळी ठेविली असती तर त्यांनी काय सांगितले असते, हे वेगळे सांगावयास नको. आठ वर्षांत ती गोळी त्या देहास ओकसात्म्य झाली होती. ती चांगली की वाईट हा प्रश्न तेथे गौण आहे.

म्हणून आमचे मत असे की, दीर्घकालीन हृदयौषध बंद केल्यानंतर उद्भवलेल्या धडधडीत सहसा त्याग हाच हेतू मानावा. आणि हेतू तोच असेल तर निदानपरिवर्जन म्हणजे काय? तो त्याग मागे घेणे. म्हणजे ज्या तज्ज्ञाने गोळी दिली होती त्याच्याशी त्याच दिवशी संपर्क साधून ती पुन्हा सुरू करविणे. अर्जुन, जटामांसी, ब्राह्मी त्यानंतर. “वैद्यानेच ॲलोपॅथीची गोळी सुरू करावयास पाठवायचे?” असे एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आम्हांस विचारले होते. होय, पाठवायचे. हेतू चालू ठेवून लक्षणांवर औषध देत राहणे यास आपल्या शास्त्रात चिकित्सा म्हणत नाहीत.

येथे एक सावधगिरी. खंड अनेक दिवसांचा झाला असेल, विशेषतः हृदयाची शक्ती मुळातच क्षीण असेल, तर जुनी पूर्ण मात्रा एकदम देणेही योग्य नसते. सहसा त्यागाप्रमाणे सहसा शीलनही आचार्यांनी वर्ज्य मानले आहे. मात्रा कोणती, कशी वाढवावी, हे हृद्रोगतज्ज्ञाने ठरवावे. तसेच पादांशिक क्रम वाचून कोणी मेटोप्रोलोलच्या गोळीचे चार तुकडे करण्यास रुग्णास सांगू नये. दीर्घकाळ स्रवणाऱ्या गोळ्यांचा चुरा केल्यास संपूर्ण औषध एकदम सुटते. तत्त्व आपले असले तरी त्या औषधाची मात्रा ज्याची त्याने सांभाळावी. प्रमाणपत्रे व अधिकार यांचा वाद या पानांवर पुष्कळ झाला आहे. तो येथे नको.

प्रत्येक धडधड गोळी थांबल्यामुळेच असते, असे मात्र नव्हे. ही औषधे अनेक गोष्टी झाकून ठेवितात. अवटू ग्रंथीचा वाढलेला स्राव, पांडू, मनातील जुनी भीती यांची लक्षणे गोळीखाली दबलेली असतात व ती थांबताच वर येतात. हृदयाची लय बिघडून नाडी अनियमित झाली असेल तर प्रकरण आणखीच वेगळे. म्हणून नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. दोषगती पाहण्याच्या उत्साहात आपण पंधरा सेकंदांतच हात सोडतो आणि मग विषमता लक्षात येत नाही. विश्रांतीतही नाडी १२० च्या वर, अनियमित नाडी, छातीत वेदना, धाप, चक्कर येऊन पडणे, यांतील काहीही आढळले तर चिकित्सालयात क्षणभरही न ठेवता रुग्णालयात पाठवावे. अन्यथाही ईसीजी त्याच दिवशी व्हावा.

त्या दोन आठवड्यांत आपल्या कपाटातील काही औषधांपासूनही रुग्णास दूर ठेवावे लागते. सर्पगंधेचा उल्लेख प्रथम करावा लागेल. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेचे अनुभव प्रसिद्ध केले आणि या वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले. १९५७ साली त्यांना लास्कर पारितोषिक मिळाले. त्याचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु सर्पगंधा मनास खिन्नता आणते, आणि बीटा-अवरोधकाबरोबर दिल्यास नाडी धोकादायकरीत्या मंद होते व रक्तदाब कोसळू शकतो. घाबरलेल्या रुग्णास वैद्य सर्पगंधा देतो, त्याच संध्याकाळी मुलगा त्याला तज्ज्ञाकडे नेतो, तेथे गोळी पुन्हा सुरू होते, आणि एकाने दिलेले दुसऱ्यास ठाऊक नसते. हा प्रसंग काल्पनिक समजू नये. सोमलतेचे कल्प हृदयास चेतविणारे, म्हणून श्वासाच्या रुग्णास सवयीने देताना थांबावे. यष्टीमधूच्या दीर्घ सेवनाने शरीरातील पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. मूत्रल गोळ्या घेणाऱ्यास ते विशेष बाधक. आणि सर्दी-तापासाठी सर्रास दिला जाणारा त्रिभुवनकीर्ती रस वत्सनाभयुक्त आहे, हे आम्ही वाचकांस सांगण्याची गरज नाही, पण स्वतःस मात्र पुन्हा पुन्हा सांगतो.

मग वैद्याने करावयाचे काय? पुष्कळ आहे, आणि तेथे आपला हात धरणारा कोणी नाही. गोळी पुन्हा सुरू झाली तरी भय लगेच जात नाही. हृदय हे मनाचे व ओजाचे स्थान. एकदा दचकलेले मन दर ठोक्याकडे कान लावून बसते. आमच्या त्या गृहस्थांनी रक्तदाबाचे यंत्र विकत घेतले होते आणि ते दिवसातून पंधरा वेळा दंडास बांधीत. प्रत्येक आकड्याने धडधड वाढे, वाढलेल्या धडधडीने आकडा वाढे. हिंजवडीकडील तरुण मंडळी हेच मनगटावरच्या घड्याळाने करतात. आम्ही यंत्र दोनच वेळा बांधावयाचे असे ठरवून दिले आणि वही पत्नीच्या हाती सोपविली. त्यांच्या मिसरीचा व दिवसाच्या सहा कप चहाचा विषय काढला. तोही क्रमानेच कमी केला, नाहीतर डोकेदुखीने पुन्हा घाबरले असते. सायंकाळी कोमट तिळतेलाचा अभ्यंग, रात्री पादाभ्यंग, लवकर व लघू भोजन, दीर्घ श्वसन पण कुंभक नाही, भस्त्रिका तर मुळीच नाही. आणि आठवड्यातून दोनदा अर्धा तास नुसते बोलणे. हृद्रोगतज्ज्ञाकडे तो अर्धा तास नसतो, यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे तो असतो.

दीर्घकालीन गोळ्या कधीच कमी होऊ नयेत, असे आम्ही म्हणत नाही. खुद्द आधुनिक वैद्यकातही या प्रश्नावर मंथन सुरू आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, प्रामुख्याने स्वीडनमधील पाच हजारांवर रुग्णांच्या एका अभ्यासात, हृदयाघातानंतर हृदयाची शक्ती टिकून असलेल्यांना बीटा-अवरोधक नव्याने सुरू केल्याने विशेष लाभ दिसला नाही. त्याच वर्षी फ्रान्समधील अभ्यासात मात्र, स्थिर असलेल्या जुन्या रुग्णांत हे औषध थांबविणे हे चालू ठेवण्याइतके निर्धोक असल्याचे सिद्ध झाले नाही. थांबविलेल्यांच्या जीवनमानातही सुधारणा आढळली नाही. म्हणजे प्रश्न रास्त आहे आणि उत्तर रुग्णागणिक वेगळे आहे. रुग्णास गोळीने थकवा येतो, स्वप्ने पडतात, मंदाग्नी होतो, तर ते ऐकून तज्ज्ञास कळविणे हे आपले काम. तज्ज्ञ मात्रा उतरवीत असता त्या आठवड्यांत अग्नी, निद्रा व मन सांभाळणे हेही आपले. क्लोनिडीनसारखी रक्तदाबाची औषधे थांबविताना तर अधिकच सावध असावे, कारण रक्तदाब एकाएकी फार चढतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांची गोष्ट आणखी घातक: त्या थांबल्यावर धडधडही होत नाही, कसलीच पूर्वसूचना मिळत नाही.

औषधी दुकानदार बंधूंशीही दोन शब्द. रुग्ण गोळी सोडतो ते प्रथम आपल्याला कळते, कारण दर महिन्याचे पाकीट न्यावयास तो येत नाही. कधी तो श्रद्धेने सोडतो, कधी पैशाअभावी, कधी वारीच्या वाटेवर गोळ्या संपतात म्हणून. २०२० च्या टाळेबंदीत गोळ्या न मिळाल्याने कित्येकांची औषधे आपोआपच खंडित झाली होती. दारावरून जाताना एक हाक मारून “या महिन्याचं पाकीट नेलं नाहीत?” एवढे विचारावे. आणि फळीवर ठेविलेल्या कोणत्याही काढ्याच्या वा कॅप्सूलच्या जोरावर “हे घ्या, आता ती गोळी नको” असे विक्रेत्याने कदापि म्हणू नये. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या अनुसूचीत हृद्रोग व रक्तदाब दोन्ही आहेत. कायदा बाजूस ठेवू. त्या वाक्याने विकलेल्या बाटलीचा नफा किती आणि सहाव्या रात्री काय होऊ शकते, याचा हिशेब दुकानदारास आमच्याहून चांगला मांडता येईल.

ते गृहस्थ आजही आमच्याकडे येतात. त्यांच्या तज्ज्ञांनी पुढे यथावकाश, काही आठवड्यांच्या क्रमाने, गोळीची मात्रा निम्मी केली. त्या काळात दर चौथ्या दिवशी ते आमच्या बाकावर असत. आता हिवाळ्यात गुडघ्याचे तेल नेतात. त्या रात्रीविषयी त्यांनी आम्हांस कधी बोल लावला नाही. कदाचित त्यांना ठाऊकच नसावे की चूक आमची होती. आम्ही त्यांना सांगितले ते फार उशिरा, गेल्या वर्षी. ते हसले आणि म्हणाले, “मी तरी कुठं तुम्हाला विचारून बंद केली होती?”

त्या घटनेनंतर आमच्या केसपेपरची पहिली ओळ आम्ही बदलली. नाव, वय यांच्या लगेच खाली, मुख्य वेदनेच्याही आधी, तीन रकाने आहेत: चालू असलेली औषधे, गेल्या महिन्यात बंद केलेली औषधे, आणि बंद कोणाच्या सांगण्यावरून. सोबत तज्ज्ञास पाठवावयाच्या पत्राचा छापील अर्धा कागद असतो. त्यावर आम्ही दिलेली औषधे त्यांच्या घटकद्रव्यांसह लिहितो. पाठविलेल्या पत्रांपैकी निम्म्यांना उत्तर येत नाही. उरलेल्या निम्म्यांना दूरध्वनी येतो. संघटनेच्या आगामी सभेस या दोन्ही कागदांच्या प्रती आम्ही घेऊन येऊ. ज्यांना हव्या असतील त्यांनी न्याव्यात आणि आपल्या सोयीने बदलून छापाव्यात.